जळगावात सोनं पारखून घेतो, मग घड्याळ का नाही?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधीची गोष्ट. अमळनेरकडचे एक मामा माझ्या घड्याळांच्या दुकानात आले. रुमालात गुंडाळलेली डबी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि आवाज बारीक करून म्हणाले, "देख बरं भाऊ, हाई घड्याय असली शे का?"

लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, पहिली आखाजी, जावई घरी येणार. त्यांच्यासाठी मामांनी रोलेक्स, म्हणजे लाखांच्या घरातलं स्विस घड्याळ, घेतलं होतं. हिरवी डबी, हिरवं कार्ड, दोऱ्याला लोंबणारा गोल टॅग, सगळं जागच्या जागी. किंमत मोजली होती ६५ हजार, तीही रोख. विकणारा म्हणाला होता, दुबईचा माल आहे, कस्टममधून सोडवलाय, म्हणून या भावात बसतंय.

भिंग डोळ्याला लावायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं, कारण ते किमतीतच होतं. पण नुसतं "नकली आहे मामा" म्हणून त्यांना वाटेला लावणं मला पटलं नाही. त्यांच्यादेखत घड्याळ ठोके मोजणाऱ्या यंत्रावर लावलं, मागचं झाकण उघडलं आणि एकेक गोष्ट दाखवली. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात जे बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण लग्नसराई आणि दिवाळीच्या आसपास अशा डब्या घेऊन येणारी माणसं आता दर वर्षी वाढत चालली आहेत.

मामा भोळे नाहीत, हे आधी सांगून टाकतो. चाळीस वर्षं कापूस पिकवलेला माणूस. बियाण्याच्या पाकिटावरचा लॉट नंबर वाचल्याशिवाय आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय ते दुकानाची पायरी उतरत नाहीत, कारण बोगस बियाणं पेरताना अगदी खऱ्यासारखं दिसतं आणि बोंड लागायच्या वेळी दगा देतं, हे त्यांनी सोसलेलं आहे. सोनं घ्यायला जळगावच्या सराफ बाजारात येतात, तेव्हा हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक मोबाइलवर तपासून घेतात. फक्त घड्याळात काय बघायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

नकल म्हणजे एकच प्रकार नव्हे

बाजारात "फर्स्ट कॉपी", "मास्टर कॉपी", "सेव्हन-ए", "सुपर क्लोन" असे शब्द ऐकू येतात. यातल्या एकाही शब्दाला कुठलं मोजमाप नाही. विकणारा ज्याला फर्स्ट कॉपी म्हणतो ती दुसऱ्याची मास्टर कॉपी असते. तरी ढोबळमानानं तीन पायऱ्या करता येतात.

सगळ्यात खालच्या पायरीवर सेलवर चालणारी, दीड-दोन हजारांत मिळणारी घड्याळं. यांच्या डायलवरचे छोटे गोल बऱ्याचदा नुसते शोभेचे असतात. बाजूची बटणं दाबून पाहा, स्टॉपवॉच सुरूच होत नाही. त्यांच्यावर अधिक शब्द खर्च करायला नको.

मधल्या पायरीवर आत खरोखर ऑटोमॅटिक, म्हणजे सेलशिवाय हाताच्या हालचालीवर चालणारं, मशीन असतं, बहुतेक वेळा चिनी बनावटीचं, साधं पण चालणारं. मामांचं घड्याळ या पायरीवरचं. वरच्या पायरीवर ज्यांना सुपर क्लोन म्हणतात ती. यांत मशीनचीसुद्धा नक्कल केलेली असते, काच नीलमाची असते, पोलाद चांगलं असतं. ही घड्याळं काउंटरवर दोन मिनिटांत ओळखता येतात असं कोणी म्हणत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. झाकण उघडावं लागतं, आणि उघडल्यावरही त्या कंपनीची खरी मशीन पूर्वी पाहिलेला माणूस लागतो.

चौथा प्रकार वेगळाच आणि मला सगळ्यात जास्त त्रास देणारा. यात सगळे भाग खोटे नसतात. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, खरी, मशीन दुसऱ्याच घड्याळातलं, डायल नव्यानं रंगवलेलं. जगभरचे शौकीन अशा जुळवाजुळव केलेल्या जुन्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे आपल्याला फारसं भूषणावह नाही. एचएमटी, फावर-ल्यूबा, जुनी सेईको अशी घड्याळं रंगरंगोटी करून विकली जातात. एचएमटीनं सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये तिची घड्याळ कंपनी बंद करण्यात आली. बंद झाल्याबरोबर लोकांना हळहळ वाटू लागली, मागणी वाढली आणि एचएमटीनं कधी काढलेच नाहीत असे गुलाबी, पोपटी डायल बाजारात आले. माझ्या वडिलांचं भुसावळला दुकान होतं. रेल्वेतली माणसं ड्यूटीवर जाण्याआधी वेळ मिळवून घ्यायला तिथे थांबायची, त्यांच्या मनगटावरचं एचएमटीचं 'जनता' घड्याळ मी लहानपणापासून पाहिलंय. नवरंगी 'जनता' समोर आलं की मला ती माणसं आठवतात आणि वाईट वाटतं. रंगवलेलं डायल ओळखायला भिंग पुरतं: अक्षरांच्या कडा फुगलेल्या, पसरट दिसतात आणि तासांच्या खुणांभोवती रंग साचलेला असतो. कारखान्यातली छपाई सुईनं ओढल्यासारखी स्वच्छ असते.

ही जुळवाजुळव मोठमोठ्यांना फसवते. २०२१ साली जिनिव्हातल्या एका लिलावात ओमेगा या स्विस कंपनीचं १९५७ मधलं स्पीडमास्टर घड्याळ तीस लाखांहून जास्त स्विस फ्रँकला गेलं, आणि ते घेतलं खुद्द ओमेगाच्या संग्रहालयासाठी. दोन वर्षांनी उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं, आणि यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं कंपनीनं सांगितलं. ज्यांनी घड्याळ बनवलं त्यांच्याच घरात असं घडू शकतं, तर मोबाइलवरचे चार फोटो बघून आपण काय ओळखणार?

आणखी एक फरक नीट लक्षात घ्या. एखादी कंपनी समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या नावाजलेल्या घड्याळासारखं दिसणारं घड्याळ बनवते, पण डायलवर स्वतःचं नाव लिहिते. ती चेहऱ्याची उसनवारी झाली. आवडो न आवडो, ती फसवणूक नाही. दुसऱ्याचं नाव आणि चिन्ह लावलं की चोरी. आपल्या ट्रेड मार्क्स कायद्यात, म्हणजे १९९९ च्या कायद्यात, खोटं चिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. "सगळेच विकतात" म्हणणाऱ्या दुकानदारांनी हे एकदा वाचावं.

आतलं मशीन समजून घेऊ

घड्याळाचा सगळा जीव आत असतो. आमच्या धंद्यात त्याला मशीनच म्हणतात.

सेलच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा एक बारीक स्फटिक असतो. त्याला वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. एक छोटी चिप ते कंप मोजते आणि दर सेकंदाला काट्याला एक पाऊल पुढे टाकायला लावते. म्हणून सेकंद काटा टक्‌टक्‌ करत थांबत जातो. १९६९ च्या नाताळात सेईकोनं असं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बंद पडले, कारण हे स्वस्त यंत्र वेळ दाखवण्यात महागड्या घड्याळांपेक्षा सरस होतं. हे मुद्दाम सांगतो: नुसती अचूक वेळ हवी असेल, तर हजार रुपयांचं सेलवालं घड्याळ दहा लाखांच्या घड्याळाला हरवतं. महाग घड्याळ माणूस घेतो ते वेगळ्या कारणासाठी.

चावीच्या घड्याळात वीज नसते. आत एक लांब पट्टी गुंडाळलेली असते. चावी दिली की ती आवळली जाते आणि सुटताना चाकांना फिरवते. तिला मोकळं सोडलं तर काही सेकंदांतच सगळी ताकद निघून जाईल. म्हणून वाटेत एक राखणदार बसवलेला असतो. भुसावळ जंक्शनच्या सिग्नलची कल्पना करा: लाइनमध्ये कितीही गाड्या उभ्या असल्या तरी एका वेळी एकच सुटते. तसा हा राखणदार चाकाचा एकच दात सोडतो, अडवतो, पुन्हा एक सोडतो. त्याला ताल देतं एक इवलंसं झुलतं चाक, ज्याला बॅलन्स म्हणतात, आणि त्या चाकाला परत ओढते केसासारखी बारीक स्प्रिंग. ऑटोमॅटिक घड्याळात याच्या जोडीला एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप भरत राहते. रोलेक्सनं दोन्ही बाजूंनी फिरणारं असं वजन १९३१ मध्ये आणलं.

आता ठोक्यांचा, म्हणजे त्या झुलत्या चाकाच्या झोक्यांचा, हिशेब. आजची बहुतेक चांगली स्विस मशीन तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ. दिवसाचे झाले ६,९१,२००. वर्षाचे पंचवीस कोटींवर. रोलेक्स आपल्या घड्याळांसाठी दिवसाला दोन सेकंद पुढे किंवा मागे एवढीच चूक मान्य करते. स्वित्झर्लंडमध्ये कॉस्क नावाची तपासणी संस्था आहे, तिची मर्यादा दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंद. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यातले दोन इकडेतिकडे, तेही वीज नाही, चिप नाही, नुसती पोलादाची चाकं, स्प्रिंगा आणि तेलाचे थेंब. मी रोज हेच काम करतो, तरी हे मला अजूनही थक्क करतं.

मामांचं घड्याळ मी ठोके मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं. पडद्यावर आकडा आला २१,६००. म्हणजे सेकंदाला सहा. ज्या मॉडेलची ती नक्कल होती त्या रोलेक्सच्या सबमरीनरमध्ये आठ ठोके असतात. झाकण उघडायच्या आधीच हा पुरावा मिळाला होता. मग झाकण उघडलं. आतल्या बाजूला, चकचकीत पोलादावर, कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. घड्याळ बंद करणाऱ्यानं हातमोजे घातले नव्हते, की झाकण पुसायचीही तसदी घेतली नव्हती. पाणी अडवणारी रबरी रिंग एका ठिकाणी चेपलेली. डायलवर मात्र लिहिलेलं: ३०० मीटर. मामांनी भिंगातून तो ठसा बराच वेळ पाहिला. ठोक्यांच्या आकड्यापेक्षा त्या ठशानंच त्यांची खात्री पटवली असावी.

जुन्या खुणा आता किती कामाच्या?

"सेकंद काटा सरकत गेला तर ओरिजिनल" हे घराघरांत ऐकू येतं. ही खूण आता निरुपयोगी झाली आहे. पाच हजारांचं ऑटोमॅटिकही काटा सरकवतं. उलट रोलेक्सनंच १९७७ पासून २००१ पर्यंत सेलवर चालणारं ऑयस्टरक्वार्ट्‌झ बनवलं, त्याचा काटा टक्‌टक्‌च करतो.

वजनाचंही तेच. पोलाद जड असतं म्हणजे घड्याळ खरं असतं असं नाही. धंद्यात नवा होतो, तेव्हा एका शिक्षकांनी आणलेलं ओमेगा हातात घेऊन, वजन बघून, काट्याची चाल बघून मी सांगितलं होतं, "ओरिजिनल आहे सर, घ्या." त्यांनी ते माझ्या शब्दावर घेतलं. दोन वर्षांनी ते सर्व्हिसला पाठवलं आणि न उघडताच परत आलं. सर मला एका शब्दानंही बोलले नाहीत. तेव्हापासून झाकण उघडल्याशिवाय मी मत देत नाही, आणि उघडायला नकार देणाऱ्याच्या घड्याळाबद्दल काहीच बोलत नाही.

तारखेवरचं भिंग बघायला सोपं आहे. रोलेक्सच्या काचेवरचं ते भिंग तारीख अडीच पट मोठी दाखवतं. स्वस्त नकलेत तारीख लहान, कधी तिरकी, कधी खिडकीच्या एका कडेला सरकलेली असते. काचेत सहाच्या आकड्याजवळ लेसरनं कोरलेला नखाच्या टोकाहून लहान मुकुट, म्हणजे रोलेक्सचं चिन्ह, असतो, तो उजेडात तिरका धरून भिंगाखालीच कसाबसा दिसतो. साध्या डोळ्यांनी ठळक दिसला तर शंका घ्या. मागचं झाकण काचेचं असेल आणि आतलं मशीन दिसत असेल, तर आणखी सावध व्हा: थोडी अलीकडची मॉडेलं सोडली तर रोलेक्स पारदर्शक झाकण देतच नाही. नकला मात्र ते हौसेनं देतात, कारण गिऱ्हाईक आत फिरणारं चाक पाहून भुलतं.

मला सगळ्यात आवडणारी खूण ऑडमार पिगे या स्विस कंपनीच्या रॉयल ओक घड्याळावरची आहे. जेराल्ड जेंटानं रेखाटलेलं हे घड्याळ १९७२ चं. काचेभोवती अष्टकोनी कडं आणि त्यावर षट्‌कोनी डोक्याचे आठ स्क्रू. आठही स्क्रूंच्या खाचा कड्याच्या गोलाईला धरून एका ओळीत असतात. फिरवून बसवलेले स्क्रू असे नेमके ओळीत थांबतील कसे? कारण समोरून ते फिरतच नाहीत. षट्‌कोनी डोकं षट्‌कोनी खड्ड्यात बसतं आणि घट्ट करायचं ते मागच्या बाजूनं. स्वस्त नकलेत साधे स्क्रू असतात, त्यांच्या खाचा वाटेल त्या दिशेला तोंड करून थांबतात. चांगल्या नकला हेही जमवतात हे खरं, पण ही एक खूण समजली की घड्याळाकडे बघायची नजरच बदलते.

सोन्याच्या घड्याळाबद्दल जळगावकरांना वेगळं सांगायला हवं. १८ कॅरेट म्हणजे ७५० चा शिक्का, तो तर नकलेवरही मारता येतो. स्वित्झर्लंडच्या अधिकृत शिक्क्यात १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं असतं, तेही खोटं काढणारे आहेत. आपल्या सराफाकडचं कॅरेट दाखवणारं यंत्र चांगलं आहे, पण ते वरच्या थराचा कस सांगतं. मुलामा जाड असेल तर ते फसू शकतं. तिथे वजन कामाला येतं: १८ कॅरेट सोनं पोलादाच्या जवळपास दुप्पट जड. सोन्याचं म्हणून दिलेलं घड्याळ हातात पोलादाएवढंच भरलं, तर काहीतरी चुकतंय.

दहा लाख कशाचे?

हा प्रश्न मामांनी विचारलाच. नव्या सबमरीनरची किंमत दहा लाखांच्या आसपास आहे. इतके पैसे नेमके कशाचे?

थोडे धातूचे. रोलेक्स ज्या ९०४एल जातीच्या पोलादाला ऑयस्टरस्टील म्हणते, ते घाम आणि खारं पाणी जास्त सोसतं आणि घडवायला कठीण जातं. थोडे मशीनचे. त्यातली बारीक स्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रणाची, चुंबकाला न बधणारी, निळी. नकलेत तिला नुसता निळा रंग दिलेला असतो. थोडे तपासणीचे: प्रत्येक केस पाण्याच्या दाबाखाली घालून पाहतात. मग आयात शुल्क आणि १८ टक्के जीएसटी. स्वित्झर्लंडसह चार देशांशी भारतानं मार्च २०२४ मध्ये व्यापार करार केला, त्यामुळे स्विस घड्याळांवरचं शुल्क येत्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. दहा लाखांवरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केलेला आयकर, घेतो, तो आपल्या आयकर विवरणात वळता करून घेता येतो.

आणि मोठा वाटा नावाचा. हे लपवण्यात अर्थ नाही. लंडनमध्ये १९०५ साली हान्स विल्सडॉर्फनं सुरू केलेल्या धंद्यानं शंभर वर्षं जे नाव जपलं, त्याचे पैसे आपण देतो. सोन्याचं मोल धातूत आहे. दागिना वितळवला तरी सोनं सोनंच राहतं. घड्याळाचे भाग सुटे केले, तर हातात राहतं मूठभर पोलाद. त्याचं मोल त्या जोडणीत, त्या नावात आणि उद्या ते उघडून दुरुस्त करून देणाऱ्या कंपनीच्या जबाबदारीत आहे. नकल घेणाऱ्याला वाटतं, आपण तीच वस्तू स्वस्तात घेतली. पण ज्याचे पैसे होते ती जबाबदारीच त्याला मिळालेली नसते. काच फुटली तर तंतोतंत काच मिळत नाही. चावीचा दांडा तुटला तर दुसऱ्या नकलेतला बसेलच असं नाही, कारण दोन खेपांचं मापही जुळत नाही. अधिकृत सर्व्हिस केंद्र ते हातात घेत नाही. आणि माझ्यासारख्याकडे आणलं तर, खरं सांगतो, सहा हजारांच्या मशीनवर चार हजारांची मेहनत घ्या म्हणायला मला लाज वाटते.

"स्विस मेड" या दोन शब्दांबद्दलही बोलायला हवं. २०१७ पासूनच्या नियमानुसार घड्याळाच्या उत्पादन खर्चातला किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो, मशीन स्विस असावं लागतं आणि जोडणी व शेवटची तपासणी तिथेच व्हावी लागते. म्हणजे स्विस मेड घड्याळातही काही भाग बाहेरचे असू शकतात. ते खोटेपण नव्हे.

घ्यायचंच असेल तर

खानदेशातले लोक असं घड्याळ घ्यायला सहसा मुंबई-पुणे गाठतात. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते. दुकानाची पाटी किंवा इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर बघू नका, त्या यादीत नाव आहे का ते बघा. रोलेक्सची पोलादी मॉडेलं अधिकृत दुकानात सहसा लगेच मिळत नाहीत, नाव नोंदवून थांबावं लागतं. म्हणून "स्टॉकमध्ये आहे, चाळीस टक्के कमी" हे वाक्य ऐकलं की पाठ फिरवा. ज्याला पूर्ण भावानं दहा गिऱ्हाइकं तयार आहेत, तो तुम्हाला सूट का देईल?

डबी, कार्ड, पावती, सगळं बनावट मिळतं. अनुक्रमांक जुळला म्हणूनही निश्चिंत होऊ नका, कारण एका खऱ्या घड्याळाचा क्रमांक शेकडो नकलांवर कोरता येतो. वापरलेलं घ्यायचं असेल, तर विकणाऱ्याला सांगा: आधी अधिकृत सर्व्हिस केंद्रात दोघं मिळून उघडून पाहू, मग पैसे. खरा माल असलेला माणूस याला वेळ लागेल म्हणून कुरकुर करेल, पण नाही म्हणणार नाही. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं विकणाऱ्याला कायद्यानंच मना आहे, त्यामुळे तो रोखीचाच आग्रह धरत असेल तर त्याच्या मालाबद्दलही शंका घ्यायला जागा आहे. परदेशातून कोणी आणलं असेल, तर तिथल्या दुकानाचं बिल आणि विमानतळावर भरलेल्या शुल्काची पावती मागा. दोन्ही नसतील तर ते घड्याळ खरं असूनही पुढे तुमच्या डोक्याला ताप होईल.

मामांना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ६५ हजारांत काय आलं असतं, हे मी त्यांना मांडून दाखवलं. सेईको ५, आतलं मशीन कंपनीचं स्वतःचं, पंचवीस-तीस हजारांच्या आसपास. टायटनची पातळ एज, आपल्या देशात बनलेली. थोडे पैसे वाढवले तर टिसोचं पीआरएक्स, स्विस, एकदा चावी भरली की ८० तास चालणारं. प्रत्येकाला बिल, वॉरंटी आणि दुरुस्त करून देणारा माणूस. जावयाच्या हातात खोट्या मुकुटापेक्षा यातलं काहीही शोभलं असतं. यापेक्षा स्वस्तातलंही शोभलं असतं.

नकल घेऊन बसलेल्यांसाठी दोन गोष्टी. पाण्यात घालू नका, डायलवर कितीही मीटर लिहिलेले असोत. पहिल्याच पावसात काचेआड वाफ धरते आणि मग आतली चाकं गंजतात. आणि ती खरी म्हणून पुढे कुणाला विकू नका, कारण मग कायद्याच्या दृष्टीनं विकणारे तुम्ही.

ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. दुकानातून घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्हीकडे बिल, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि विकणाऱ्यानं "ओरिजिनल" म्हटलेले मेसेज मागतात. ते पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मामांजवळ यातलं काहीच नव्हतं. पैसे रोख दिलेले, बोलणं सगळं फोनवर झालेलं. दुकानातूनच त्यांनी त्या विकणाऱ्याचा नंबर लावला. मी झाकण परत बसवत होतो. फोन बंद लागत होता. त्यांनी तिसऱ्यांदा लावून पाहिला, मग घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि विचारलं, "मंग ती सेईको दखाड बरं, बिलवाली."